वस्तरा, पथरी आणि आपला इतिहास

बारा बलुत्यांची यादी कुठल्याही पुस्तकात काढा. न्हावी त्यात आहे, महारही आहे. दोघं गावाचे बलुतेदार, दोघांच्या वाट्याला खळ्यावरचं धान्य. पण हा हिशोब मांडणारे पंडित एक गोष्ट गाळतात. न्हावी गावाची हजामत करायचा, महारवाड्याची नाही. महारानं गावाचे सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, रात्रीची राखण करायची, आणि दाढी वाढली की आपली आपण बघायची. बलुतं म्हणे देवाणघेवाण होती! आमच्या बाजूनं देवाण होती एवढं खरं.

म्हणून महारवाड्यात भावकी-भावकीत एखादा तरी वस्तरा असायचा. आणि वस्तरा आला म्हंजे पथरी आली, चामोटी आली, पाजवायची विद्या आली. बखरीत तलवारी कुठं पाजळल्या त्याची नोंद सापडते. या धारेची नाही सापडत.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीत साताऱ्याचं लिहिलंय. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही. त्याला द्यायला घरात पैसे नव्हते असंही नाही. वडील पलटणीतले सुभेदार. तरी पोरांची डोई थोरल्या बहिणीनं करायची, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता. भावांच्या डोक्यांवर करून करून ती त्यात तरबेज झाली. लोक हे वाचतात, हळहळतात आणि पान उलटतात. मला तिथंच थांबावंसं वाटतं. पोराचं डोकं भोथऱ्या हत्यारानं होत नाही. पातं केस ओढतं, पोरगं हलतं, रक्त येतं. म्हंजे ती बाई नुसती केस कापायला नव्हती शिकली. धार ओळखायलाही शिकली होती.

आमच्यातले वस्तरे आले कुठनं? काही पेठेतून विकत घेतलेले, आणि काही पलटणीतून. शिपायाला रोज दाढी लागते. १८९३ च्या सुमारास इंग्रजानं महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली, आणि युद्ध सरल्यावर मोडूनही टाकली. माझा आज्जा त्या पलटणीतला. पलटण मोडली, वस्तरा घरी आला. पात्याच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं कोरलेली. आज्ज्याला वाचता येत नव्हती. मी चौथी-पाचवीत गेल्यावर ती लावली: शेफिल्ड. विलायतेतलं पोलादाचं गाव.

पाजवणं मी त्याच्याकडून बघितलं. दगड दोन. एक खरबरीत, कोयत्या-विळ्याचा; तो वस्तऱ्याला सहसा लावायचा नाही, पात्याला खांडा पडला तरच. दुसरी पथरी, तळहाताएवढी, काळसर, बोट फिरवलं तर साबणासारखी गुळगुळीत. तिच्यावर पाण्याचे चार थेंब. पातं आडवं टेकवायचं, असं की पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला लागतील. वस्तऱ्याची सगळी करामत यातच आहे. पातं मधे खोलगट घासलेलं असतं, पाठ जाड असते, त्यामुळं कोन किती धरायचा ते पाठच सांगते. सुरीला हात बसायला वरसं लागतात, वस्तऱ्याला नाही. उस्ताद नसलेल्या माणसाला हे हत्यार जमलं त्याचं कारण हे आहे, असं माझं मत. "पाठ उचलू नगंस, पोरा. उचललीस का धार मेली," एवढाच त्याचा धडा.

धार पुढं करून पातं ढकलायचं, जसं दगडाचा पातळ पापुद्रा काढायचाय. टोकाला गेल्यावर पाठीवर उलटवायचं, धारेवर कधीच नाही, आणि परत आणायचं. पातं दगडापेक्षा लांब, म्हणून सरळ न नेता जरा तिरकं ओढत न्यायचं; मुठीपासून टोकापर्यंत सगळी धार दगडाला लागली पाहिजे. जोर लावायचा नाही. जोर लावला तर धारेला मुरड येते. दगडाला मधे खळगा पडला की फरशीवर वाळू-पाणी टाकून दगडच घासून सपाट करायचा. मग चामोटी. तिच्यावर उलटी चाल, पाठ पुढं आणि धार मागं, नाहीतर चामडं कापलं जातं. शेवटी मनगटावरचा केस. न ओढता तुटला तर झालं.

आता या चामोटीचा विचार करा. मेलेलं ढोर गावातनं ओढून न्यायचं आमच्या माणसानं. कातडं कमवायचं ढोरानं, शिवायचं चांभारानं. त्याच चामड्यावर न्हावी वस्तरा घासणार आणि तो वस्तरा पाटलाच्या, भटाच्या गालावरून फिरणार. तेव्हा विटाळ नाही! कातडं चालतं, कातडं काढणारा चालत नाही. १९२७ च्या महाडच्या परिषदेनंतर गावोगाव आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तेव्हा गावं खवळली, बहिष्कार पडले. चिडायला नुसता धर्म कारण नव्हता, गावाचं रोजचं काम अडलं होतं.

न्हाव्यालाच सगळा दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याचंही पोट गावाच्या पसाकुडत्यावर. महाराची दाढी केली असं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं कुणी बसलं नसतं. आणि याच जातीनं एक मोठी गोष्ट केलेली आहे. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणाले. वस्तरा खाली ठेवायची हिंमत त्यांनी दाखवली. आमच्यासाठी उचलायची हिंमत मात्र पुढं कितीतरी वरसं गावात दिसली नाही.

घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ ला दुकानांत सर्वांना मोकळीक देण्याच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे काय, त्यात लॉन्ड्री आणि हजामतीचं सलून येतं का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी त्या शब्दाचा अर्थ रुंद केला: जिथं माणूस सेवा द्यायला बसलाय ते दुकान. साताऱ्यात बहिणीपुढं डोकं वाकवून बसलेला पोरगा तिथं उभा होता, हे कितीजणांच्या ध्यानात आलं असेल? १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात सेवा नाकारणं गुन्हा ठरलं. १९७६ साली कायद्याचं नाव बदललं, नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, आणि शिक्षा निदान एक महिन्याची झाली.

कायदा झाल्याचं बापानं आज्ज्याला वाचून दाखवलं. आज्जा म्हणाला, "बरं झालं. पर न्हावी कायदा वाचतो का?" बाप त्याच महिन्यात तालुक्याच्या गावी एका सलूनात जाऊन बसला. न्हाव्यानं गाव विचारलं, मग आळी विचारली, मग वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाला, "आज धार न्हाई."

बाप घरी आला. आज्ज्यानं पथरीवर पाणी घेतलं.