नगरचा किल्ला आणि अभिधर्मकोश

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, एका दिवसात दाखविणारा वाटाड्या पाहुण्यास फराहबाग, दमडी मशीद आणि डोंगरावरील 'चांदबिबी महाल' दाखवितो. (हा महाल नसून दुसऱ्या सलाबतखानाची कबर होय.) मग येतो भुईकोट किल्ला. तेथे ऑगस्ट १९४२ पासून १९४५ पर्यंत काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिले, आणि वाटाड्याची कथा बहुधा येथेच संपते. बौद्ध वाचकाने मात्र त्यास आणखी एक नाव विचारावे: आचार्य नरेंद्र देव.

वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या हिंदी अनुवादाचे काम आचार्यांनी याच बंदिवासात केले. मूळ संस्कृत भाष्य तेव्हा छापलेले नव्हते. ते १९६७ साली निघाले. त्यांचा आधार होता तो बेल्जियन पंडित ला वाले पूसँ यांचा फ्रेंच अनुवाद, आणि तोही मुख्यतः ह्युएनत्संगाच्या चिनी भाषांतरावरून केलेला. भारतात रचलेला ग्रंथ अशा दूरच्या वळणाने नगरच्या किल्ल्यात परतला, ही गोष्ट कोणत्याही सुलतानाच्या बागेहून कमी प्रेक्षणीय नाही. आचार्यांचा 'बौद्ध धर्म दर्शन' हा ग्रंथ १९५६ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. नागपूरच्या धम्मदीक्षेचे वर्षही तेच.