जुनें वाद्य, नवी घडण

जुना पियानो उघडून नव्यानें बांधतांना कारागिरापुढें एक प्रश्न उभा राहतो. मूळ घडण जशीच्या तशी राखावी, कीं तिच्यांत सुधारणा करावी? आम्हां कुंडलकरांना हा प्रश्न नांगरावरून ठाऊक आहे. १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना काढला व तेथें लोखंडी नांगर होऊं लागले. काम तेंच राहिलें, घडण मात्र पालटली.

पियानोचेंही तसेंच झालें. आरंभीं त्याचा सांगाडा लांकडी असे. तारा जाड होत गेल्या, ताण वाढला, आणि लांकूड वांकूं लागलें. १८२५ सालीं बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनीं अखंड ओतीव लोखंडी चौकटीचें पेटंट घेतलें. अशा चौकटीमुळेंच अलीकडच्या मोठ्या पियानोला तारांचा १८ ते २० टनांचा एकूण ताण सोसतो. तेव्हां जुन्या लांकडी सांगाड्यावर नव्या जाड तारा चढविणें ही सुधारणा नव्हे. तो वाद्याचा घात होय.

आतां आपल्या घरांतली पेटी पाहा. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या दबँ यांनीं घडविलेल्या हार्मोनियमचा भाता पायांनीं चालत असे. आमचा गवई बैठकीवर बसणारा. म्हणून भाता पाठीमागें आला व हाताचा झाला. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांचें नांव या फेरबदलाशीं जोडलें जातें. तो इतका मानवला, कीं कीर्तनापासून नाटकापर्यंत पेटीवांचून पान हालेना.

दुसरी सुधारणा सुरांची. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गांधार ४०० व्या भागावर बसतो. मिरजेच्या तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गांधार मात्र ३८६ व्या भागाजवळ असतो. हें अंतर काढून टाकण्यासाठीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व आय. सी. एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनीं श्रुति-हार्मोनियम करविली. हेतु स्तुत्य होता, अभ्यास सखोल होता. परंतु स्वर वाढले तसा वाजविण्याचा व्यापही वाढला, आणि पितळी पत्तीला मींड कांहीं काढतां येईना. ती पेटी घरोघर पोंचली नाहीं. पुढें १९४० सालीं नभोवाणीनें हार्मोनियमलाच दार बंद केलें. तें किलकिलें व्हावयास सुमारें तीस वर्षें लागलीं.

यावरून एक गोष्ट दिसते. वाद्याचा स्वभाव ओळखून त्याच्या वाटेंतला अडथळा दूर करणारी सुधारणा टिकते. त्याला दुसरेंच वाद्य होण्यास लावणारी सुधारणा मागें पडते. म्हणून वडिलार्जित पेटी वा पियानो कारागिराच्या स्वाधीन करतांना आधीं विचारावें: काय बदलणार, कां बदलणार, व तें पुन्हा पूर्ववत् करतां येईल काय? पत्तीच्या टोंकाला कानस लावली, कीं सूर चढतो. मुळाशीं लावली, कीं उतरतो. पण कानशीनें गेलेलें पितळ पत्तीवर परत येत नाहीं.