सुताराच्या झोपडीपर्यंत

पाय पोळले ना? फुफाट्यात उभे राहू नका, त्या कडुलिंबाखाली सरका. गाव वैजापूरच आहे, फक्त नव्वदेक वर्षं मागचं. बाजारात निजामाचा हाली शिक्का चालतो, रोटेगावच्या स्टेशनावर कोळशाच्या इंजिनाची गाडी थांबते, आणि घरं बहुतेक माळवदाची, डोक्यावर मातीचा जाड थर घेऊन उभी. महाशिवरात्र तोंडावर आलीय. ज्या बैलगाडीतून तुम्ही घृष्णेश्वराच्या जत्रेला निघणार आहात, तिचं एक चाक खुळखुळतंय. म्हणून तर तुम्ही सुताराच्या अंगणात आहात.

श्वास घ्या. चिरलेल्या सागाचा तेलकट वास, बाभळीच्या सालीचा तुरट वास, आणि त्या दोघांवर मात करणारा बांधलेल्या बैलांचा. वाकसाच्या प्रत्येक घावाला ढलप्या उडतायत आणि तुमच्या नडगीवर येऊन आपटतायत. मिस्तरी मात्र मान वर करत नाहीत. चाक आडवं टाकून ते वाकसाच्या दांड्यानं एकेका आऱ्यावर ठोकतात. टण्, टण्, टण्, आणि मधेच भद्द.

“ऐकलं का पाव्हणं? हा सुटला.”

उकिडवे बसा आणि नीट बघा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून वर्तुळ पुरं करणारे बाभळीचे वाकडे तुकडे. आऱ्याचं टोक तासून त्याचं कुसू केलंय आणि ते कुसू भोकात गच्च शिरलंय. खिळा नाही, सरस नाही. काय कशात बसलंय ते शेजारच्या पोरालाही दिसतं, आणि या चाकातलं सगळ्यात देखणं मला तेच वाटतं. सांधा उघडा आहे म्हणून तो ठोकून पाहता येतो, आणि सुटला तर नेमका कुठं सुटला हे गाडीच्या मालकालाही कळतं. थंडी सरली की लाकूड सुकतं, आकसतं, आणि बाहेरची लोखंडी धाव सैल पडते. मग ती कापून थोडी तोकडी करायची आणि पुन्हा चढवायची. हे काम लोहाराचं, आणि तो बघा, सकाळपासून गोवऱ्यांचं रिंगण रचतोय.

रिंगण पेटतं. धुरानं डोळे चुरचुरतात, जीभ कोरडी पडते, अंगणभर गोवऱ्यांची राख उडते. धाव तापायला वेळ लागतो. तेवढ्यात घंटी वाजते आणि स्टेशनावरचे तारबाबू विलायती सायकलवरून येतात. पोरांचा गराडा पडतो. मिस्तरी पहिल्यांदाच जागचे उठतात, धोतराला हात पुसतात आणि सायकलीपाशी बसतात. त्यांचा अंगठा मुठीवर जात नाही, घंटीवर जात नाही. तो जातो नळ्या जिथं एकमेकींना भेटतात तिथं. तिथं पोलादाच्या छोट्या बाह्या आहेत, त्यांत नळ्यांची टोकं घातलीत आणि फट पितळ वितळवून भरलीय. बाह्यांच्या कडा कुणीतरी कानशीनं घासून निमुळत्या केल्यात. मिस्तरी त्या कडेवरून नख फिरवतात.

“कुसूच हाय की. लोखंडाचं.”

एवढं बोलून ते परत चाकाकडे वळतात, कारण धाव लाल झालीय.

आता मागे व्हा. चौघांनी ती सांडशांत धरलीय, लोहार ओरडतोय, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. धाव चाकावर पडते तसा लाकडाला जाळ लागतो. तुमच्या हातात घागर दिलीय, ती रिकामी करा, पटकन! वाफेचा लोट थेट तोंडावर येतो. भिजलेल्या राखेचा, जळक्या बाभळीचा वास नाकात बसतो. आणि त्या वाफेतून करकर ऐकू येते. निवणारं लोखंड आकसतंय आणि सगळे सांधे एकदम आत दाबले जातायत. मिस्तरी पुन्हा ठोकून बघतात. टण्. सगळीकडे टण्.

भाकरी खाऊन घ्या, पण समोरच्या वाड्याकडे पाठ करून बसू नका. तिथं नव्या खणाची तुळई चढतेय. दगडी तळखड्यावर सागाचा खांब उभा आहे, त्याच्या डोक्यावर हस्त, आणि हस्तातून वर आलेलं कुसू तुळईच्या भोकाची वाट बघतंय. दहाजण दोर ओढतात, तुळई डुलते, पोरं श्वास रोखतात, आणि ती खाली बसताना जो ठोका पडतो तो पायाच्या तळव्यांना कळतो. या चौकटीवर किलचणं पसरतील, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि शेवटी पांढरी माती. माळवदाचं हे ओझं म्हणजे घराला त्रास असं वाटेल, पण चाकाला जी धाव तीच इथं माती: वरून दाबून सांधे जागेवर ठेवणारी. घर हलवायची वेळ आली तर माती उतरवायची, खुंट्या ठोकून काढायच्या, खांब-तुळया गाडीत घालायच्या आणि दुसऱ्या जागी उभ्या करायच्या. म्हणूनच मिस्तरींचा मुलगा प्रत्येक जोडीवर पटाशीनं खुणा करतोय: या खांबावर तीन रेघा, त्याच्या हस्तावरही तीन.

रात्री गाडी निघते, मिस्तरी, त्यांचे भाऊबंद आणि लोहारही बरोबर. शिऊर, देवगाव रंगारी, कसाबखेडा. हाडं खिळखिळी होतात, चाक मात्र नाही.

वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत तुम्ही चेंगरलात, बेलाची पानं, नारळाचं पाणी आणि माणसांचा घाम यांत न्हालात, ते राहू द्या. मिस्तरी आणि त्यांचे भाऊबंद आता लेण्यांकडे निघालेत. कैलासापाशी ते थांबत नाहीत, पुढच्या बौद्ध लेण्यांकडे चालू लागतात. तिथल्या एका लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. आत बुद्धमूर्ती आहे, स्तूपाला पाठ लावून बसलेली, उपदेशासाठी हात जुळवलेले. पण या परिसरातले सुतार तिला विश्वकर्मा मानतात आणि हात जोडायला येतात. आत शिरा. अंगावर गारवा येतो, वटवाघळांचा उग्र दर्प येतो. डोळे सरावले की दोन्ही बाजूंनी वळत गेलेले २८ अठपैलू खांब दिसतात. मग वर बघा.

वर वासे आहेत. कमानदार, एकामागोमाग एक, पार टोकापर्यंत, आणि सगळे दगडाचे. अखंड डोंगर वरून खाली पोखरलाय, छताला कशाचाही आधार नको, एकही सांधा नको. तरी सातव्या शतकातल्या पाथरवटांनी लाकडी छपराचा वासा न् वासा कोरून ठेवला. पुण्याकडच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात असे वासे खरोखर सागाचे आहेत आणि सुमारे २००० वर्षं टिकलेत. इथं लाकूड उरलं नाही, पण नजरेला सवय होती ती छत कशावर तोललंय हे दिसण्याची. गुळगुळीत छत कोरणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि त्यांच्या या हट्टापुढे मी दरवेळी थक्क होतो.

मिस्तरी नमस्कार करून उठलेत, मान मागे टाकून वासे बघतायत. “एका लाकडात निघायची नाय ही कमान. जोड द्यावाच लागंल.”

“मधोमध द्या,” धाकटा भाऊ म्हणतो.

“मधी दिला तर पोटात बसंल. खाली घे, खांबाकडं.”

लोहारालाही मत आहे. आवाज छताला धडकून परत येतात, दुप्पट होतात, वटवाघळं उठतात, बाहेरून गाडीवान हाका मारतोय, आणि भांडण काही मिटत नाही. शेवटी मिस्तरी कमरेची सुतळी सोडतात आणि एक टोक तुमच्या हातात देतात. “पाव्हणं, त्या खांबाला टेकवून धरा. ताणून धरा, माप चुकंल.”