एका केसाचा मासा, पंधरा केसांचा मासा

‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार आपण विश्वासघातासाठी वापरतो. इंग्लंडच्या नद्यांमधल्या माशांच्या बाबतीत मात्र तो निदान तीनशे वर्षं जवळजवळ शब्दशः खरा होता. गळाची दोरी म्हणजे तिथे घोड्याच्या शेपटीचे केस.

1496 साली वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड या मुद्रकाने शिकार आणि बहिरी ससाण्यांवरचं एक जुनं पुस्तक पुन्हा छापलं आणि त्यात गळाने मासे धरण्यावरचा एक छोटा प्रबंध नव्याने घातला. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीने तो लिहिला अशी समजूत आहे. तिला ठोस आधार नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. या प्रबंधात एक यादी आहे. अगदी चिमुकल्या मिनो माशासाठी एक केस. वाढत्या रोचसाठी दोन, मोठ्या रोचसाठी तीन. पर्चला चार. ब्रीम, टेंच आणि ईलला सहा. ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा. आणि सॅमनला पंधरा.

सबंध प्रबंधात मला सगळ्यात जास्त ही यादी आवडते. वरवर पाहता ती दुकानातल्या दरपत्रकासारखी दिसते. पण प्रत्येक आकड्यामागे दोन भीतींमधली तडजोड आहे. केस कमी घेतले तर दोरी तुटणार, जास्त घेतले तर मासा ती पाहणार आणि आमिषाकडे फिरकणारही नाही. केसाची जाडी निसर्गाने ठरवून दिलेली, ती माणसाच्या हातात नव्हती. हातात होती ती फक्त संख्या. म्हणजे कोणता मासा किती ओढ देतो आणि त्याची नजर किती तीक्ष्ण आहे, याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण त्या एकेका आकड्यात साठवलेलं आहे. तराजू न वापरता केलेलं हे वजनमाप आहे.

केस निवडण्याचंही शास्त्र होतं. पांढऱ्या घोड्याचे केस हवेत, कारण ते रंगवता येतात. घोडीपेक्षा घोड्याचे बरे, हे तर प्लुटार्कनेही पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास नोंदवलंय: घोडीची शेपटी मूत्राने भिजत राहते आणि केस कमजोर होतात. मग रंग. प्रबंधात सहा रंग दिले आहेत आणि ते कुठे, कधी वापरायचे हेही. स्वच्छ पाण्यात उन्हाळाभर हिरवा, शरद ऋतूत पिवळा, काळ्या संथ पाण्यात तपकिरी. रंगासाठी लागणारं सामान घरातलंच: एल नावाची बिअर, तुरटी, अक्रोडाची पानं, चुलीची काजळी. रंगवलेले केस जुळवायचे, पीळ द्यायचा आणि असे तुकडे एकमेकांना गाठींनी जोडत जायचं. शेपटीच्या केसाला लांबीची मर्यादा आहे, त्यामुळे गाठ हा दोरीचा अटळ भाग.  ज्याला मासा धरायचा त्याने दोरी वळायची.

पुढे 1653 मध्ये आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँग्लर’ आलं. 1676 च्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने दुसरा भाग जोडला. डर्बीशरमधली डव्ह नदी ही कॉटनची नदी. पाणी नितळ, ट्राउट बिथरणारे. त्याची दोरी अशी: गळाजवळच्या दोन तुकड्यांत दोन-दोन केस, त्यावरच्या तीन तुकड्यांत तीन-तीन, मग चार, असं वाढत काठीच्या टोकाशी सातपर्यंत. म्हणजे दोरी वरून खाली निमुळती होत जाते. हाताचा झटका टोकापर्यंत पोचतो आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद उतरते. आजच्या महागड्या दोऱ्यांमध्ये कारखाना जो निमुळतेपणा आणतो, तो इथे केस मोजून आणला जायचा. विसेक इंची ट्राउट मोकळ्या पाण्यात दोन केसांवर ज्याला आणता येत नाही त्याने स्वतःला गळवाला म्हणवू नये, असं कॉटनचं मत होतं.

इथे माशी म्हणजे खरी नव्हे. पिसं, लोकर आणि रेशमी धागा वापरून गळावर बांधलेला कीटकाचा देखावा. त्या काळच्या गळाला दोरी ओवण्यासाठी भोक नसायचं. त्यामुळे केस आधी गळाच्या दांडीवर रेशमाने गुंडाळून पक्का करायचा आणि त्यावरच माशीचं अंग चढवायचं. केस हा माशीच्या पोटातच असायचा. तो तुटला की माशीही गेली. सुताच्या गुंडाळीखाली लपलेला असल्यामुळे जुन्या माशांची चित्रं पाहताना तो ध्यानात येत नाही, पण त्याच्याशिवाय ती उभीच राहत नाही.

दोरी काठीच्या टोकाला बांधलेली असायची. गुंडाळायची चकरी वॉल्टनच्या काळात नुकती येऊ लागली होती, 1651 मध्ये टॉमस बार्करने तिचा उल्लेख केलाय. तोवर मोठा मासा पळू लागला तर दोरी सोडायची सोय नव्हती. वॉल्टनचा उपाय साधा होता: काठीच पाण्यात टाकून द्यायची. मासा ती ओढत फिरतो, दमतो आणि मग काठी परत धरायची. केसाचा एक गुण त्याच्या मदतीला होता. केस तुटण्याआधी बराच ताणतो. तेवढ्या वेळात हाताला इशारा मिळतो.

केसाची सद्दी संपवणारी बातमी सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत आहे. मार्च 1667 मध्ये एका परिचिताने त्याला सांगितलं, की वार्निश दिलेली वाद्याची तात दोरी म्हणून वापरली तर ती फुगत नाही आणि केसापेक्षा बारीकही असते, मजबूतही. 1724 मध्ये जेम्स सॉन्डर्सने रेशीमकिड्याच्या तातीचा उल्लेख केला. कोष विणण्याच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये मारायचा आणि त्याची रेशमग्रंथी काढून ताणायची. पुढे स्पेनमधल्या मुर्सियात यावरच एक उद्योग उभा राहिला. 1938 मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि महायुद्धानंतर तातही मागे पडली. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात ती ही दोरी.

तंगूस उत्तमच आहे. ती हवी तेवढी लांब मिळते, गाठ नाही, रंगवणं नाही. फक्त तिची ताकद वेष्टनावर छापलेली असते आणि माशाबद्दलचं जे ज्ञान एकेकाळी वळणाऱ्याच्या बोटांत होतं ते आता त्या आकड्यात बंद आहे. शिवाय तुटून नदीत राहिलेला केस काही काळाने कुजून जातो. तंगूस वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, पक्ष्यांच्या पायांत अडकते.

इटलीच्या पिएमोंते प्रांतात वालसेसिया नावाचं खोरं आहे. तिथे काही जण अजूनही चकरीशिवाय, लांब काठीला घोड्याच्या केसांची वळलेली दोरी बांधून ट्राउट धरतात. त्यांच्या हातात केस मोजण्याची ती जुनी पद्धत आजही चालू आहे.