गाडीच्या चाकावरचा आगमनकाळ

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच गिरगावात नाताळचे वेध लागतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा ख्रिस्ती पंचांगातील आगमनकाळाचा पहिला दिवस. त्या संध्याकाळी हिरव्या पाल्याचे कडे टेबलावर मांडायचे, त्यातल्या चार मेणबत्त्यांपैकी एक पेटवायची आणि घरच्यांनी मिळून प्रार्थना करायची. पुढच्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. बहुधा तीन जांभळ्या असतात आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो प्रतीक्षेतला आनंदाचा रविवार. या कड्याला ‘ॲडव्हेंट रीथ’ म्हणतात. मराठीत ‘पुष्पचक्र’ म्हटले की समाधी आणि श्रद्धांजली आठवते. पण त्यातले ‘चक्र’ मात्र इतिहासाला धरून आहे.

हँबर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न या लुथरन धर्मशास्त्रज्ञाने १८३३ साली गरीब, निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढली. नाताळ कधी येणार, हा मुलांचा रोजचा प्रश्न. १८३९ साली विखर्नने गाडीचे एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या व इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू झाला होता. म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत २४ दिवस. रोज एक मेणबत्ती वाढे आणि उरलेले दिवस मुलांना डोळ्यांनी मोजता येत. हिरव्या फांद्या त्या चाकावर नंतर चढल्या. घरोघरी पोचताना चाक लहान झाले आणि मेणबत्त्या चारच उरल्या. जर्मनीतल्या कॅथलिक चर्चमध्ये ते १९२० च्या दशकात आले. म्हणजे अतिप्राचीन वाटणारी ही रीत दोनशे वर्षांचीही नाही.

घरच्या प्रार्थनेची परंपरा मात्र आपल्याकडे याहून कितीतरी जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू तारणाऱ्याची वाट पाहण्यातच जातात. जन्मकथा येते ती दुसऱ्या पुराणात. आगमनकाळाचा सगळा आशय मराठी ओवीत विखर्नच्या आधी दोन शतके मांडला गेला होता. चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होई. लोकभाषेला वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयाने. तोवर बोलीतल्या भक्तीला घर आणि वाडीतला क्रूस हेच आश्रयस्थान. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत ठिकठिकाणी असे क्रूस उभे राहिले आणि त्यांच्यापुढे शेजारीपाजारी जमू लागले.

खोताची वाडी हे अशा जगण्याचे ठळक उदाहरण. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ती ओळखली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली. ओटी, बाहेरून चढणारा लाकडी जिना, दिवाणखान्यात देव्हारा. एकेकाळी अशी ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. घर गेले की ओटी जाते, देव्हाऱ्याची भिंत जाते आणि संध्याकाळी प्रार्थनेला हाक मारता येईल असा शेजारही जातो.

इथे हँबर्गच्या चाकाचा अर्थ नव्याने कळतो. ज्या मुलांना घर नव्हते, त्यांना संध्याकाळी एका उजेडाभोवती बसवण्यासाठी ते चाक घडले होते. क्रूसाला वाडी लागते, देव्हाऱ्याला भिंत लागते. या कड्याला टेबलाचा एक कोपरा पुरतो. पेटवायला धर्मगुरू लागत नाही, घरातले लहान मूलही चालते. उपनगरातल्या सदनिकेत किंवा परदेशातल्या भाड्याच्या खोलीत ते मांडता येते. म्हणून गिरगावातून माणसे उठून जात असताना ही परकी रीत जवळची वाटली, तर नवल नाही.

पण कडे शेजाऱ्यांना बोलावत नाही. वाडीतली प्रार्थना भिंतीबाहेर ऐकू जाई, हिंदू शेजाऱ्यालाही तिची वेळ ठाऊक असे. टेबलावरचा उजेड घर टिकवतो; वाडी टिकवण्यासाठी मात्र घरेच उभी राहावी लागतात.