सोसेल असा उपचार : भारतातील रक्तकर्करोग संशोधनाची चाळीस वर्षे

१९७०च्या दशकात तीव्र लसिकापेशीय रक्तकर्करोग, म्हणजे वैद्यकीय व्यवहारातला ‘ए.एल.एल.’, झालेले मूल भारतातील नामांकित कर्करोग केंद्रात पोहोचले, तरी चार वर्षांनंतर ते रोगमुक्त असण्याची शक्यता पाचात एक एवढीही नव्हती. त्याच दशकात अमेरिकेतील अग्रगण्य केंद्रांत या रोगाची सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली होती. दोन्हीकडील औषधे बहुतांशी तीच होती. औषधे तीच असताना निष्पत्ती इतकी निराळी का, या प्रश्नाभोवतीच भारतातील रक्तकर्करोगाच्या चिकित्सा-संशोधनाचा मोठा भाग घडला आहे.

या औषधांच्या इतिहासात एक भारतीय नाव आरंभीच येते. आंध्रातून अमेरिकेस गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडरली प्रयोगशाळेतील चमूने फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारे अमायनोप्टेरिन हे संयुग तयार केले. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्तकर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार १६ पैकी १० मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला होता. पुढे एकेक औषध हाती येत गेले. १९६२ पासून मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी ही औषधे एकत्र, टप्प्याटप्प्याने आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत घडवली. मेंदू व मज्जारज्जूभोवती दडून राहणाऱ्या कर्कपेशींवरही तिचा रोख होता.

भारतात या पद्धतीला शिस्तबद्ध रूप आले ते १९८४ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ नावाचा उपचारक्रम आखण्यात आला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईच्या अड्यार भागातील कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तीन केंद्रांनी तो स्वीकारला. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या दिवशी द्यायचे हे तिन्ही ठिकाणी एकाच कागदावर ठरलेले होते. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट संशोधनाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. उपचार एकसारखा असल्याखेरीज दोन केंद्रांच्या निकालांची तुलना होऊ शकत नाही आणि एखादा मृत्यू रोगाने झाला की उपचाराने, याचा हिशेबही मांडता येत नाही.

हा हिशेब २००५ साली सविस्तर प्रसिद्ध झाला. त्यात १९९० ते १९९७ या काळात उपचार घेतलेल्या, पंचविशीच्या आतील १,०४८ रुग्णांच्या नव्या नोंदी होत्या. चार वर्षांनंतर रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खालून ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले होते. हे यश ठरलेल्या उपचारक्रमाचे होते, तसेच जंतुसंसर्ग आवरणे, वेळेवर रक्त व प्लेटलेट मिळणे अशा आधार देणाऱ्या उपचारांचेही होते.

तथापि त्या निबंधाचा खरा धडा उरलेल्या रुग्णांच्या नोंदींत होता. पाश्चात्त्य केंद्रांच्या तुलनेत भारतीय रुग्ण मागे पडत होते, आणि त्याचे एक प्रमुख संभाव्य कारण उपचाराच्याच दुष्परिणामांनी होणारे अधिक मृत्यू हे होते. केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारते. कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही त्यात सापडतात, संसर्गाशी लढणाऱ्या श्वेतपेशींची संख्या कोसळते आणि पुढचे काही दिवस साधा जंतूही जीवघेणा ठरतो. आधीच कुपोषित असलेले, निदानाला उशीर झालेले, गर्दीच्या वॉर्डात राहणारे मूल या दिवसांत अधिक सहज दगावते. रुग्ण केंद्रात येत तेव्हाच त्यांचा रोग जास्त पसरलेला असे. शिवाय रोगही हुबेहूब तोच नव्हता. टी-पेशींपासून उद्भवणाऱ्या प्रकाराचे प्रमाण, विशेषतः चेन्नईत, जास्त आढळले, तर पाश्चात्त्य मुलांत अधिक दिसणारा एक विशिष्ट जनुकीय बदल येथे कमी सापडला. रुग्णाचे वय हा पाश्चात्त्य नोंदींतील ठळक निकष या तीनपैकी एकाही केंद्रात निष्पत्तीशी जुळला नाही. बाहेरचा उपचारक्रम अधिक तीव्र करून जसाच्या तसा राबवल्यास रोग हरेल, पण मूल वाचेलच असे नाही, हे आता आकड्यांनिशी समोर होते.

उपचार प्रभावी हवा आणि रुग्णाला सोसवायलाही हवा, या दुहेरी अटीचे सर्वांत लक्षवेधी उत्तर एका वेगळ्या रक्तकर्करोगाच्या बाबतीत मिळाले. ‘एक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ या रोगात १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होते. त्यामुळे श्वेतपेशी अर्धवट वाढलेल्या अवस्थेतच अडकतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि मेंदूतील रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांतच दगावू शकतो. चीनमधील शांघायच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की अ जीवनसत्त्वाचे एक रूप, ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल, या अडकलेल्या पेशींना पुढे वाढण्यास भाग पाडते. त्याला केमोथेरपीची जोड देणे ही मग जगभरची रीत झाली. भारतातील बहुसंख्य कुटुंबांना मात्र हा जोडउपचार परवडणारा नव्हता, आणि केमोथेरपीसोबत संसर्गाचा जुना धोकाही येतच होता.

चीनमध्येच हार्बिन येथे १९७०च्या दशकापासून दुसरे एक द्रव्य वापरात होते. ते म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, अर्थात आपल्याकडे विष म्हणून शतकानुशतके ठाऊक असलेला सोमल. त्या जोडप्रथिनाच्या एका टोकाला आर्सेनिक चिकटते आणि पेशी स्वतःच ते प्रथिन मोडून टाकते. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मॅमेन चांडी, विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून नव्याने निदान झालेल्या रुग्णांना मुख्यत्वे हे एकच औषध देऊन पाहिले. इतरत्र आर्सेनिक तोवर प्रामुख्याने रोग उलटलेल्या रुग्णांसाठी राखीव होते. म्हणून हा निर्णय धाडसाचा होता. रोगशमन होताना शरीरात उद्भवणारी तीव्र दाहक प्रतिक्रिया आणि हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणाम यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागे.

२००६ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात पहिल्या ७२ रुग्णांचे निष्कर्ष आले. ८६ टक्के रुग्णांमध्ये पूर्ण रोगशमन झाले होते. दुष्परिणाम बहुतेकांत सौम्य व तात्पुरते होते, आणि रोगशमनानंतरचे उपचार रुग्णालयात दाखल न होता घेता येत होते. २०१० मध्ये दीर्घ पाठपुराव्याचे आकडे प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर सुमारे ७४ टक्के रुग्ण हयात होते. निदानाच्या वेळी श्वेतपेशींची संख्या फार वाढलेल्या रुग्णांसाठी एकटे आर्सेनिक पुरेसे नाही, हेही याच पाठपुराव्यातून समजले. तेहरानच्या एका गटानेही याच मार्गाने काम केले होते. पुढे २०१३ मध्ये इटली व जर्मनीतील मोठ्या चाचणीने रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक ही जोडी, केमोथेरपीशिवाय, कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत रूढ उपचाराच्या तोडीची असल्याचे सिद्ध केले. तोपर्यंत वेल्लोरच्या वॉर्डांत केमोथेरपी बाजूला ठेवून पंधरा वर्षे लोटली होती.

बालकांच्या ए.एल.एल.बाबतही संशोधनाची दिशा हीच राहिली. २०१६ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून ‘आयसीआयसीएलई-एएलएल-१४’ ही यादृच्छिक विभागणीची चाचणी सुरू केली. कमी जोखमीच्या लहान मुलांना आरंभीच्या टप्प्यात प्रेडनिसोलोन पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे दिल्यास उपचाराची विषारी बाजू कमी होते का, हा तिच्यातील एक प्रश्न आहे. स्टेरॉइड रोगप्रतिकारशक्ती दडपते, त्यामुळे हे दोन आठवडे संसर्गाच्या दृष्टीने किरकोळ नसतात.

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा झाली ती कार-टी पेशी उपचाराची. यात रुग्णाच्या टी-पेशी काढून, त्यांना कर्कपेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारा नवा ग्राहक जनुकीय बदलाने बसवून, त्या पुन्हा शरीरात सोडतात. आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून देशी उपचार विकसित केला. त्याचा पहिला वापर जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत झाला. परदेशी उत्पादनांतील ग्राहकाचा ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून आलेला असतो. या गटाने तो मानवी प्रथिनाच्या जवळ नेला. त्यामागील एक हेतू दुष्परिणामांची तीव्रता कमी करण्याचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. बी-पेशींचा रक्तकर्करोग किंवा लिम्फोमा उपचारांनंतरही उलटलेल्या वा न हटलेल्या ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. परिणाम तपासता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. गंभीर दुष्परिणाम त्यातही होते, आणि प्रतिसाद किती काळ टिकतो हे पाठपुराव्यानेच ठरेल.

या उपचाराचा खर्च परदेशातील किमतीच्या जवळपास दहावा हिस्सा असला, तरी तो २५ लाख रुपयांहून अधिक आहे. ज्या कुटुंबाला तालुक्याच्या गावाहून महानगरातील वॉर्डापर्यंत येण्याचे भाडेही जड जाते, त्याच्यासाठी ही रक्कम उपचार नसल्यासारखीच होय. निदानास होणारा उशीर, उपचार अर्धवट सोडण्याची वेळ आणि संसर्गाने होणारे मृत्यू यांची नोंद या संशोधकांनी चार दशके औषधांच्या परिणामाबरोबरीने ठेवली. नव्या संशोधकाच्या हाती चाचणीची आखणी येईल, तेव्हा रोग किती टक्के हटला या रकान्याशेजारी तो उपचार किती जणांनी अखेरपर्यंत सोसला, हा रकानाही त्याला तेवढ्याच काळजीने भरावा लागेल.