फ्रेझल व्हर्ब, इंग्रजीतील
मूळ क्रियापद आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारखा लघुघटक यांच्या संयोगाने सिद्ध होणारे एकार्थी क्रियापद.

प्राचीन इंग्रजीत असे घटक बहुधा उपसर्गरूपाने क्रियापदाआधी येत. मध्य इंग्रजीच्या काळात ते क्रियापदानंतर येऊ लागले (→ इंग्रजी भाषा). सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मधील कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोड्यांची दखल घेतली. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ग्रंथात वापरली; ती हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती.

सर्वनामरूप कर्म दोन घटकांच्या मध्ये येते : ‘पिक इट अप’. रीतिवाचक क्रियाविशेषण (→ क्रियाविशेषण) सामान्यतः रचनेच्या आधी किंवा नंतर येते : ‘क्विकली गेव्ह अप’, ‘गेट अलाँग वेल’. लघुघटक दिशावाचक असल्यास ते मध्येही येते (‘वॉक्ट स्लोली अवे’). लाक्षणिक अर्थाच्या रचनेत ते सहसा मध्ये येत नाही. ‘राइट’, ‘स्ट्रेट’ हे दृढतादर्शक शब्द लघुघटकाच्या लगेच आधी येतात : ‘केम राइट बॅक’.

दैनंदिन संभाषणात या रचना विपुल आढळतात. ‘ईट अप’मधील ‘अप’ क्रियेची पूर्णता दर्शवितो. मराठीत हे कार्य ‘खाऊन टाकणे’मधील ‘टाकणे’ करते (→ संयुक्त क्रियापद).